होम थिएटरमधील सबवूफर : निवड आणि जागा

सबवूफर म्हणजे साधारण २० ते १२० हर्ट्झ या पट्ट्यातला बास वाजवण्यासाठी बनवलेला स्वतंत्र स्पीकर. होम थिएटरमध्ये त्याच्याकडे दोन कामे असतात. चित्रपटाच्या ५.१ किंवा ७.१ ध्वनिपट्टीत पाच किंवा सात मुख्य चॅनल असतात आणि ‘.१’ हा खास बासचा चॅनल (एलएफई) असतो; तो सबवूफर वाजवतो. या चॅनलची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आहे. दुसरे काम म्हणजे बाकीच्या लहान स्पीकरांना न झेपणारा बास एव्ही रिसीव्हर (सर्व स्पीकरांना ध्वनी वाटून देणारे यंत्र) त्यांच्याकडून काढून घेतो, तो वाजवणे. स्फोट आणि भूकंप पहिल्या कामात येतात. ढोलाची थाप, बास गिटार, पुरुषी आवाजाचा भरदारपणा हे बहुतेक दुसऱ्या कामात येते, आणि रोजच्या ऐकण्यात तेच जास्त असते. म्हणून सबवूफर केवळ दणक्यासाठी घेतला जाऊ नये.

चित्रपटगृहात केवळ बाससाठी वेगळी यंत्रणा लावण्याचा गाजलेला प्रयोग १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी सेन्सराउंड नावाने झाला. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले आणि ‘.१’ चॅनल डिजिटल स्वरूपात फिल्मवरच छापला जाऊ लागला. डीव्हीडीने तो घरोघरी पोहोचवला. मानक पातळीवर वाजवताना इतर प्रत्येक चॅनलचा कमाल आवाज १०५ डेसिबल, तर या एका चॅनलचा ११५ डेसिबल धरलेला असतो. घरात एवढा आवाज फार थोडे लोक लावतात, पण सबवूफरवर केवढा भार येऊ शकतो हे त्यावरून कळते.

सबवूफरबद्दलची बहुतेक चर्चा इंच आणि वॅट यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात कानावर काय पडते हे सर्वांत जास्त ठरवते ती खोली. हवेत ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते आणि २० हर्ट्झची सुमारे १७ मीटर. राहत्या घरातली खोली या लाटांच्या मानाने लहानच. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक वारंवारितांना खोलीत स्थिर तरंग उभे राहतात. त्यांना खोलीचे मोड म्हणतात. मोडच्या प्रस्पंदाशी, म्हणजे हवेचा दाब सर्वांत जास्त बदलतो तिथे, बसलेल्याला बास अंगावर येतो; निस्पंदाशी, म्हणजे दाब जवळजवळ बदलतच नाही तिथे, बसलेल्याला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. एकाच सोफ्यावरच्या दोन माणसांनी एकाच चित्रपटाचा बास वेगळा ऐकावा, याचे कारण हेच.

पहिल्या मोडच्या वारंवारितेचा हिशोब सोपा आहे : ध्वनीचा वेग भागिले भिंतींमधील अंतराची दुप्पट. फ्लॅटमधला एक हॉल घेऊ. लांबी ५ मीटर, रुंदी साडेतीन मीटर, उंची २.९ मीटर. वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीचा पहिला मोड ३४ हर्ट्झला येतो, दुसरा ६९ला. रुंदीचा पहिला ४९ला, दुसरा ९८ला. उंचीचा पहिला ५९ला. सबवूफरच्या सगळ्या कामाच्या पट्ट्यात हे मोड पेरलेले आहेत. लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस खोलीत दोन दिशांचे मोड एकाच वारंवारितेवर येऊन बसतात आणि तो एक स्वर फारच फुगतो. निवड हाती असेल तर थिएटरसाठी चौरस खोली टाळावी.

कानाची रचनाही इथे साथ देत नाही. २० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू यायलाच पाऊणशेहून जास्त डेसिबल लागतात. पण एकदा तो ऐकू येऊ लागला की थोड्याशा वाढीनेही तो खूप मोठा वाटतो. मधल्या स्वरात आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. खोल बासमध्ये त्याच्या जवळजवळ निम्म्यात ते होते. म्हणून मोडमुळे आलेला पाच-सहा डेसिबलचा उंचवटा ‘बूम’ होऊन संपूर्ण चित्रपटावर स्वार होतो.

भारतीय घरांचा एक विशेष इथे ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती थरथरतात आणि काही बास स्वतःच गिळतात. मुंबई-पुण्याच्या इमारतींतला आरसीसी स्लॅब आणि विटांची प्लास्टर केलेली भिंत तो जवळजवळ सगळा परत फेकतात. त्यामुळे आपल्याकडे मोडचे उंचवटे जास्त टोकदार असतात आणि स्वर जास्त वेळ घुमत राहतो. परदेशी मार्गदर्शनात लिहिलेला ‘कोपऱ्यात ठेवा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला इथे जसाच्या तसा घेऊ नये. कोपरा प्रत्येक मोडला पूर्ण जोराने हलवतो. आवाज सर्वांत मोठा तिथून मिळतो, समतोल मात्र मिळेलच असे नाही.

जागेबद्दलचे सर्वांत उपयोगी संशोधन हर्मन या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडले. आयताकृती खोलीत सबवूफरांच्या वेगवेगळ्या मांडण्या संगणकावर आणि प्रत्यक्षात तपासून त्यांनी दाखवले की एकापेक्षा जास्त सबवूफरांचा खरा फायदा बैठकीच्या प्रत्येक जागी सारखा बास मिळण्यात आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार, या मांडण्या उत्तम ठरल्या. चार कोपऱ्यांतले चार सबही चांगले काम करतात. चाराच्या पुढे गेल्याने विशेष काही हाती लागत नाही.

वरच्या हॉलमध्ये हे कसे घडते ते पाहू. एक सब टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये खोलीच्या दोन टोकांचा दाब नेहमी विरुद्ध असतो. दोन्ही टोकांना सारखेच ढकलले की तो मोड उभाच राहत नाही. ३४ हर्ट्झचा फुगवटा गेला. रुंदीच्या पहिल्या मोडचा निस्पंद नेमका रुंदीच्या मध्यावर असतो आणि दोन्ही सब त्याच रेषेवर आहेत, म्हणून ४९चाही गेला. उंचीचा ५९ हर्ट्झचा मोड उरतो, पण बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे एक मीटरवर, म्हणजे दीड मीटरवरच्या निस्पंदापासून फार दूर नसतो; तो फारसा त्रास देत नाही. मुख्यतः राहतो ६९चा, आणि तो मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सर्वांत जास्त ऐकू येतो. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढला तरी फरक जाणवतो. मात्र अगदी खोलीच्या मधोमध बसू नये.

पण मागच्या भिंतीपर्यंत वायर नेणे बऱ्याच घरांत शक्य नसते. टाईल्स फोडता येत नाहीत, मागे बाल्कनीचे सरकते दार असते. अशा वेळी एक मांडणी मी आवर्जून सुचवेन. दोन्ही सब टीव्हीच्याच भिंतीला, रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर ठेवायचे. साडेतीन मीटरच्या भिंतीत हे बाजूच्या भिंतींपासून सुमारे तीन फूट येते, म्हणजे टीव्ही युनिटच्या दोन्ही कडेला. असे ठेवल्याने रुंदीचे पहिले तिन्ही मोड उभे राहत नाहीत : पहिल्या आणि तिसऱ्यात दोन सब एकमेकांना खोडतात, दुसऱ्याच्या निस्पंदावर ते स्वतःच बसलेले असतात. लांबीचे मोड राहतात. पण घरात सोफ्याची एकच रांग असेल तर त्या रांगेतल्या सर्वांना लांबीचा मोड सारखाच ऐकू येतो, आणि जे सर्वांना सारखे आहे ते इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणता येते. माणसागणिक बदलणारा दोष जागेने घालवावा, सर्वांना समान असलेला इक्वलायझरवर सोपवावा. उंचवटा कापणे इक्वलायझरला जमते, खड्डा भरणे जमत नाही : १० डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते आणि निस्पंद तरीही निस्पंदच राहतो.

सब एकच असेल, किंवा हॉल इंग्रजी ‘एल’ आकाराचा असून एका बाजूने डायनिंगला उघडा असेल, तर भूमितीचे नियम लागू पडत नाहीत. तिथे जुनी उलटी युक्ती वापरतात. सब उचलून नेहमीच्या बसण्याच्या जागी, सोफ्यावरच ठेवायचा. चढत्या-उतरत्या बासची एखादी ओळ सतत वाजती ठेवायची आणि सब ठेवता येईल अशा प्रत्येक जागी गुडघ्यावर बसून, कान जमिनीलगत नेऊन ऐकायचे. जिथे सगळे स्वर सारख्या ताकदीने ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधला ध्वनी बदलत नाही, म्हणून ही युक्ती चालते. मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर हाताशी असेल तर अंदाजाची गरज उरत नाही.

आता निवड. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली जायचे तर चौपट हवा हलवावी लागते. ४० हर्ट्झवरून २०वर जाणे म्हणूनच महाग पडते. पेटी बंद असेल तर तिचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलने घटतो. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) असलेली पेटी पोर्टच्या ठरलेल्या स्वरापर्यंत जास्त आवाज देते, त्याखाली मात्र दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते, आणि तिथे कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, आवर राहत नाही. लहान, दारे बंद होणाऱ्या बेडरूममध्ये खोली स्वतःच सर्वांत खालचा बास उचलून धरते. तिथे बंद पेटी पुरते आणि जागाही कमी घेते. स्वयंपाकघर आणि पॅसेजला उघड्या असलेल्या हॉलमध्ये ती मदत मिळत नाही, तिथे १२ इंची पोर्टेड सब घ्यावा. पीएमपीओ वॅटचे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेले, आकडे सरळ दुर्लक्षावेत. सीईए-२०१० पद्धतीने प्रत्येक वारंवारितेला मोजलेला कमाल स्वच्छ आवाज दिलेला असेल तर तो पाहावा. बजेट ठरलेले असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम, शक्यतो एकाच मॉडेलचे घ्यावेत.

जोडणीत रिसीव्हरवर सर्व स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा बास सबकडे वळवायचा) आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ही सुरुवात बहुतेक ठिकाणी बरोबर ठरते. सबच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळ शेवटपर्यंत वर किंवा ‘एलएफई’वर ठेवावी, नाहीतर एकाच कामाला दोन गाळण्या लागतात. रिसीव्हरने आपोआप मोजलेले सबचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसले तर ते बदलू नये. सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. बऱ्याचदा दोष अर्थिंगच्या दोन वाटांचा असतो. तो घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणे जिवावर बेतू शकते.

ध्वनी शोषण्यासाठी भिंतीवर लावायला दुकानात मिळणारा दोन इंची फोम बासवर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही, कारण त्याच्या जाडीच्या मानाने लाट फार मोठी असते. ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच दोन मीटरहून मोठा असतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न फ्लॅटमध्ये टाळता येत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, पण ती ‘ए’ भारांकनाने मोजतात. त्यात ३१.५ हर्ट्झचा स्वर सुमारे ३९ डेसिबलने कमी धरला जातो. मीटर गप्प असताना खालच्या घरातली शोकेस थरथरत असू शकते. सबखाली रबरी पाय किंवा जाड स्पंज दिल्याने जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून स्लॅबला मिळणारा धक्का राहतो. सब सोफ्याच्या अगदी मागे, हातभर अंतरावर ठेवला तर ऐकणाऱ्याला पुरेसा बास बऱ्याच कमी आवाजात मिळतो आणि खोलीत, पर्यायाने शेजारी, कमी पोहोचतो. रात्री चित्रपट पाहणाऱ्या घरात समतोलाचा थोडा त्याग करूनही ही जागा निवडावी.