उपग्रहाने टिपलेल्या अवरक्त प्रारणाचे जलद गणन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हवामान उपग्रह हवेचे तापमान थेट मोजत नाही. पृथ्वीचा पृष्ठभाग, ढग आणि हवेचे थर यांतून अवकाशाकडे निघालेले अवरक्त प्रारण तो निरनिराळ्या तरंगलांबींवर टिपतो, आणि त्या नोंदींवरून खालच्या हवेची स्थिती ताडावी लागते. त्यासाठी उलट प्रश्नाचे उत्तर आधी हाताशी असावे लागते : हवा अमुक स्थितीत असेल, तर उपग्रहाला काय दिसेल? या प्रश्नाचे उत्तर काढणारे संगणकीय मॉडेल आम्ही आपल्यासाठी चालवतो. ते इतक्या झटपट उत्तर कसे देते आणि त्या उत्तरावर कोठवर विसंबावे, हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

१५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास कार्बन डायऑक्साइड इतके जोरदार शोषण करतो, की त्या पट्ट्याच्या मध्यभागी उपग्रहाला केवळ स्थितांबरातील, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरातील, हवा दिसते. मध्यापासून बाजूला सरकावे तसतशी त्याची नजर खाली उतरत जाते, आणि १० ते १२ मायक्रॉनच्या खिडकीत, म्हणजे हवा फारसे शोषण करत नाही अशा पट्ट्यात, आकाश निरभ्र असल्यास, जमीन किंवा समुद्र दिसू लागतो. ६.३ मायक्रॉनचा पट्टा बाष्पाचा, तर ९.६ मायक्रॉनचा ओझोनचा.

मेटॉप या युरोपीय हवामान उपग्रहांवरील आयएएसआय हे उपकरण ६४५ ते २७६० प्रति सेंटीमीटर (म्हणजे एका सेंटीमीटरात मावणाऱ्या तरंगांची संख्या) एवढ्या वर्णपटात ८४६१ चॅनेल, म्हणजे वर्णपटाचे अरुंद तुकडे, मोजते. दर ८ सेकंदांत १२० वर्णपट, म्हणजे एका उपग्रहाकडून दिवसाला सुमारे १३ लाख वर्णपट येतात. प्रत्येक वायूची प्रत्येक शोषणरेषा हिशेबात धरून अचूक गणित करायचे ठरवले आणि पायरी ०.००१ प्रति सेंटीमीटर धरली, तर एका वर्णपटासाठी २१ लाखांहून अधिक बिंदू होतात. हवेचे १०० थर मानले, तर २१ कोटींहून अधिक वेळा शोषण काढावे लागते, आणि दर वेळी आसपासच्या अनेक रेषांची बेरीज करावी लागते ती वेगळीच. ही रेषावार पद्धत कसोटी म्हणून अनमोल आहे; रोजच्या कामाला मात्र ती परवडत नाही.

मग थेट चॅनेलपुरतेच गणित का करू नये, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. अडचण गुणाकारात आहे. एकाच वारंवारतेवर दोन थरांची पारगम्यता (थरातून पार होणाऱ्या प्रारणाचा वाटा) गुणली की एकूण पारगम्यता मिळते; पण चॅनेल म्हणजे अनेक वारंवारतांची सरासरी असते. समजा, एका थरातून चॅनेलमधील निम्म्या वारंवारता पूर्णपणे पार होतात आणि उरलेल्या निम्म्या पूर्णपणे अडतात. या थराची पारगम्यता ०.५ झाली. अगदी तसाच दुसरा थर खाली ठेवला, तर गुणाकार ०.२५ सांगतो, प्रत्यक्षात अडायच्या त्या वारंवारता आधीच्याच थरात अडलेल्या असल्यामुळे खरे उत्तर ०.५ च राहते.

जलद मॉडेल हा पेच आधी कष्ट करून सोडवते. निवडक, परस्परांपासून शक्य तितक्या भिन्न अशा वातावरणांवर रेषावार गणित एकदाच केले जाते, आणि त्यावरून प्रत्येक चॅनेलसाठी, प्रत्येक थरासाठी गुणक ठरवले जातात. त्यांत वरच्या थरांचा परिणाम आधीच मुरलेला असतो. पुढे तापमान, बाष्प आणि पाहण्याचा कोन यांपासून बनवलेल्या मोजक्या राशींना हे गुणक लावले, की थराचे शोषण मिळते. आरटीटीओव्ही आणि सीआरटीएम ही जगभर वापरात असलेली मॉडेले याच वाटेने जातात. याहून पुढची युक्ती अशी, की शेजारचे चॅनेल बरीचशी तीच माहिती पुन्हा सांगत असल्यामुळे हजारो चॅनेलऐवजी काहीशे मुख्य घटक (अनेक चॅनेलांचा मिळून सारांश सांगणाऱ्या राशी) काढले तरी पूर्ण वर्णपट पुन्हा उभा करता येतो.

केवळ प्रारण कळून भागत नाही. अमुक थराचे तापमान १ केल्विनने वाढले तर प्रत्येक चॅनेल किती हलेल, हेही लागते. एकेक थर बदलून मॉडेल शंभर वेळा चालवण्यापेक्षा मॉडेलचेच अवकलन करून ठेवले, तर हे सारे उतार, म्हणजे बदलाचे दर, एका गणनाच्या थोड्याच पटीत हाती येतात. आमच्या मते जलद मॉडेलचा खरा लाभ येथेच आहे.

आता मर्यादा. गुणक ज्या वातावरणांवर बेतले, त्यांच्या कक्षेबाहेरची हवा दिल्यास मॉडेल उत्तर देते, पण ते विश्वासार्ह नसते. म्हणून अशा नोंदींवर आम्ही खूण करून देतो. कार्बन डायऑक्साइड १९९० च्या सुमारास दशलक्षात सुमारे ३५४ भाग होता, आज तो ४२० च्या पुढे गेला आहे, त्यामुळे जुने गुणक तसेच वापरणे चुकीचे ठरते. दिवसा ४.३ मायक्रॉनजवळ सूर्यप्रकाशाने उत्तेजित झालेला वरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड जादा प्रारण सोडतो. ती दुरुस्ती वेगळी करावी लागते. वाळवंटी भागात क्वार्ट्‌झमुळे ८ ते १० मायक्रॉनच्या दरम्यान जमिनीची उत्सर्जनक्षमता घसरते, तेव्हा सरसकट समुद्राचे मूल्य वापरू नये. ढगांतील थेंबांमुळे व हिमकणांमुळे प्रारण विखुरणे हा सर्वांत कठीण भाग आहे, आणि ढगाळ ठिकाणची उत्तरे निरभ्र ठिकाणांइतकी पक्की मानू नयेत.

आपण आम्हाला तापमान, बाष्प आणि ओझोन यांची दाबानुसार मूल्ये, पृष्ठभागाचे तापमान व प्रकार, आणि उपग्रहाचा कोन पाठवावा. बाष्पाचे एकक कृपया स्पष्ट लिहावे, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात : एक किलो हवेत १ ग्रॅम बाष्प म्हणजे आकारमानाने दशलक्षात सुमारे १६०० भाग, आणि एकाच्या जागी दुसरे गेले तर सगळा वर्णपट बिघडतो. मूल्ये कोरड्या हवेच्या प्रमाणात आहेत की दमट हवेच्या, हेही त्यासोबत नमूद करावे. उत्तरादाखल आपल्याला प्रत्येक चॅनेलचे प्रारण, त्याच्याशी जुळणारे केल्विनमधील तापमान, थरवार उतार आणि वर सांगितलेल्या खुणा एकाच फाइलमध्ये मिळतील.