वेतन करार करायचाय? आधी मस्टर मोजा

युनियनची नोंदणी झाली की मॅनेजमेंटला बोलणी करावीच लागतील, अशी अनेक कमिट्यांची समजूत असते. मागणीपत्र जातं, महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये नोंदणी वेगळी आणि वाटाघाटीचा हक्क वेगळा.

नोंदणीसाठी किमान सात अर्जदार, आणि १० टक्के किंवा १०० कामगार यांपैकी कमी असेल तेवढे सभासद लागतात. प्रतिज्ञापत्र, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी सगळेच आणतात. अडतं ठरावांवर. घटना स्वीकारल्याचा एक आणि अर्जदारांना अर्जाचा अधिकार दिल्याचा दुसरा. सभा गेटवर झालेली, इतिवृत्त कुणीच लिहिलेलं नाही! मागची तारीख टाकून कागद बनवू नका, सभा पुन्हा घ्या.

आता खरा पेच. महाराष्ट्रात १९७१ च्या राज्य कायद्यामुळे मान्यतेसाठी ३० टक्के हा आकडा डोक्यात पक्का बसलाय. संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर एकटीने बोलणी करायला मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. ४०० कामगारांत २०४. २०३ असतील तर नाही. कुणाकडेच ५१ टक्के नसतील तर युनियन प्रतिनिधींची वाटाघाट परिषद बनते, आणि तिथे बसायलाही किमान २० टक्के, म्हणजे ८० जण लागतात. वर्गणीच्या पावत्या मोजून खूश होऊ नका. देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे संहितेच्या व्याख्येत कामगारच नाहीत. त्यांची नावं आधीच वगळून हिशोब करा.

मान्यता तीन वर्षांची, दोन्ही बाजूंच्या संमतीने एकूण पाचपर्यंत.

करारात वाढ भत्त्यांवर टाकली जात असेल तर वेतन संहिता, २०१९ उघडा. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपुढे गेले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

बोलणी फिसकटली तर संपाच्या नोटिशीत हमखास चूक होते. नोटीस दिल्यानंतरचे १४ दिवस संपले म्हणजे मोकळे, असं नाही. समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू, आणि ती संपल्यावरही सात दिवस संप करता येत नाही. ‘मग सगळे मिळून किरकोळ रजा टाकू’ ही पळवाटही बंद आहे: निम्मे कामगार एकाच दिवशी ठरवून रजेवर गेले की तो संपच.