समासाबाहेर गेलेलं चित्र: टेक आणि लॅटेकमधल्या एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

टेक हा पानांची जुळणी करणारा प्रोग्रॅम आणि लॅटेक हा त्यावर उभारलेला आज्ञांचा संच. लॅटेकमध्ये प्रबंध किंवा पुस्तक लिहिणाऱ्याला हा अनुभव बहुधा पहिल्याच आठवड्यात येतो. पीडीएफ उघडावी, तर आलेख उजवा समास ओलांडून पानाच्या कडेशी कापला गेलेला असतो. ओळीतल्या मोकळ्या जागा इतक्या बारकाईने वाटणारं, शब्द कुठे तोडावा हे स्वतः ठरवणारं सॉफ्टवेअर चित्र मात्र मोजून का घेत नाही? याचं कारण शोधायला टेकच्या जन्माच्याही थोडं मागे जावं लागतं.

खिळ्यांच्या छापखान्यात हे मोजमाप चित्र पानावर येण्याआधीच उरकलेलं असे. फोटोचा ब्लॉक जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर तयार होई आणि एकदा झाला की तो लहान-मोठा करता येत नसे. म्हणून ब्लॉकमेकरकडे पाठवण्याआधीच माप काढावं लागे. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत कर्ण आखायचा. खालच्या कडेवर कॉलमची रुंदी मोजून खूण करायची आणि तिथून सरळ वर रेघ न्यायची. ती कर्णाला जिथे भेटेल तेवढी चित्राची उंची. गुणाकार नाही, भागाकार नाही, आणि प्रमाण तंतोतंत राखलेलं. मला ही युक्ती फार आवडते, कारण पुढे संगणकाला जे शिकवायला बरीच वर्षं गेली ते सगळं त्या एका तिरप्या रेघेत आहे.

स्टॅनफर्डच्या डोनल्ड क्नूथ यांनी १९७७ साली टेकची आखणी सुरू केली ती 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून. गणिती सूत्रांची छपाईसाठी केलेली नवी जुळणी त्यांना बघवली नव्हती. टेकच्या लेखी प्रत्येक अक्षर ही एक पेटी असते. तिला रुंदी, ओळीच्या वरची उंची आणि ओळीखालची खोली ही तीनच मापं. पेटीत काय आहे हे टेक पाहत नाही. चित्रासाठी त्यात 'स्पेशल' ही आज्ञा तेवढी होती: तिच्यात जे लिहाल ते टेक न वाचता पुढच्या, प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. जागा लेखकानेच पट्टीने मोजून कोरी सोडायची. पुष्कळ जण छापलेल्या पानावर त्या जागेत चित्र गोंदाने चिकटवत. याला उणीव म्हणणारे आहेत. मला ते शहाणपण वाटतं: चित्रांचे प्रकार टेकच्या गाभ्यात कोंबले नाहीत, म्हणूनच पुढे पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा) आलं आणि पीडीएफ आलं तरी पेट्यांचं मूळ गणित तसंच टिकलं.

पोस्टस्क्रिप्ट अडोबीने १९८४ साली आणलं. त्यातून निघालेल्या ईपीएस या प्रकारात फाइलच्या सुरुवातीला 'बाउंडिंगबॉक्स' नावाची ओळ असते आणि तिच्यात चार आकडे: चित्राचा खालचा डावा आणि वरचा उजवा कोपरा. चित्र वाचता येत नसलं तरी साध्या मजकुराची ओळ टेकला वाचता येते! टेकची पानं पोस्टस्क्रिप्टमध्ये बदलणाऱ्या टॉमस रोकिकी यांच्या डीव्हीआयपीएस या प्रोग्रॅमबरोबरच्या मॅक्रोंनी, म्हणजे टेकमध्ये लिहिलेल्या तयार आज्ञांनी, नेमकं हेच केलं. फाइल उघडायची, चार आकडे उचलायचे, त्यावरून पेटी बांधायची. तरी अडचणी होत्याच. ते आकडे इंचाला ७२ या हिशेबाचे, तर टेकचा पॉइंट इंचाला ७२.२७. शिवाय टेकचा भागाकार पूर्णांकी, त्यामुळे उंची आणि रुंदी यांचं साधं गुणोत्तर काढायलासुद्धा मॅक्रोंना फेऱ्या माराव्या लागत. आणि जेपेग तर टेकला उघडूनही उपयोग नव्हता, त्याची मापं वेगळ्या फाइलमध्ये लिहून द्यावी लागत. 'बाउंडिंगबॉक्स सापडला नाही' ही तक्रार त्या काळात फार जणांनी पाहिली. नंतर हान थे थान यांच्या पीडीएफटेकने, म्हणजे थेट पीडीएफ काढणाऱ्या टेकने, जेपेग आणि पीएनजी थेट वाचायला सुरुवात केली.

१९९४ साली लॅटेकची नवी आवृत्ती, लॅटेक टू-ई, आली आणि तिच्याबरोबर डेव्हिड कार्लाइल आणि सेबॅस्टियन राट्झ यांचा ग्राफिक्स संच. आज आपण चित्र घालताना 'रुंदी = मजकुराची रुंदी' असं लिहितो ते याच संचातल्या 'ग्राफिकएक्स'मुळे. रुंदी आणि उंची दोन्ही देऊन प्रमाण राखायला सांगितलं, की चित्र त्या चौकटीत मावेल इतकंच होतं. म्हणजे कर्णाची तीच रेघ, आता मॅक्रोंमध्ये.

पण या आज्ञेत एक खोच राहिली. रुंदी दिली की चित्र त्या रुंदीचं होतंच, मग ते मुळात नखाएवढं का असेना. दोन सेंटिमीटरचं बोधचिन्ह पानभर पसरतं. लोकांना हवं होतं ते वेगळंच: मोठं असेल तर आवळ, लहान असेल तर हात लावू नकोस. स्वतःच्या हाताने एकेक चित्र लावणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. पण मजकूर दुसरीकडून आपोआप येऊ लागला तेव्हा तो टोचायला लागला. पॅनडॉक हा एका प्रकारचा मजकूर दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ लॅटेकमध्ये, बदलणारा प्रोग्रॅम. त्यासाठी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, लिहिणाऱ्याला पान किती रुंद असेल याची कल्पनाच नसते. म्हणून पॅनडॉकच्या लॅटेक साच्यात तपासणी घातली गेली: चित्राची मूळ रुंदी ओळीच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तरच ती कमी करायची. मार्टिन शारर यांच्या 'अ‍ॅडजस्टबॉक्स' या लॅटेकच्या जोडसंचाने तीच सोय 'कमाल रुंदी' या नावाने सर्वांना दिली. टाइप्स्ट या जुळणीच्या नव्या प्रोग्रॅममध्ये तर मापं न देता चित्र घातलं, तरी ते उपलब्ध जागेपलीकडे जात नाही.

पेजमेकर या पडद्यावरच पान मांडायच्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या डीटीपी ऑपरेटरांना यातलं काहीच करावं लागलं नाही. शिफ्ट दाबून कोपरा ओढला की झालं, कारण चित्र डोळ्यांसमोर होतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे बिघडते आणि तिची मला जास्त काळजी वाटते. चित्र आवळलं की त्यातली अक्षरंही आवळली जातात. १० पॉइंटांतली अक्षांची नावं असलेला आलेख निम्म्यावर आणला, की ती ५ पॉइंटांची होतात. रोमन अक्षर तिथे कसंबसं तग धरतं. देवनागरीत आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग उकार, आणि 'वर्ष' व 'वष' सारखेच दिसायला लागतात. टिल टांटाउ यांच्या टिक्झमध्ये, म्हणजे लॅटेकमध्येच आज्ञा लिहून आकृत्या काढायच्या साधनात, आकृती लहान करायला सांगितली तर रेघा जवळ येतात, पण त्यातला मजकूर मुद्दाम सांगितल्याशिवाय लहान होत नाही. मराठी आलेख असेल, तर तो अशा साधनात किंवा निदान छापायच्या मापातच काढावा, मग आवळायची वेळच येत नाही.