मधमाशी, आइन्स्टाइन आणि निफाडचे डोंगळे

‘पृथ्वीवरून मधमाश्या नाहीशा झाल्या, तर माणूस चार वर्षांत संपेल.’ खाली नाव अल्बर्ट आइन्स्टाइन यांचं. नाशिकच्या कृषी प्रदर्शनांत, मधपेट्यांच्या स्टॉलवर हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं आहे. आइन्स्टाइन 1955 मध्ये वारले. त्यांच्या लेखांत किंवा पत्रांत हे वाक्य कुणाला सापडलेलं नाही.

त्याचं मूळ शोधत गेलं की आपण आइन्स्टाइनच्या जन्माआधी वीस वर्षं, 1859 मध्ये पोचतो. बंबलबी ही केसाळ, जाडसर माशी इंग्लंडमधून नाहीशी झाली तर लाल क्लोव्हर हे चाऱ्याचं पीकही जवळपास नाहीसं होईल, असं डार्विननं त्या वर्षी लिहिलं. एक माशी, एक पीक, एक देश; विधान इतकं नेमकं होतं. 1901 मध्ये मॉरिस मेटरलिंक या बेल्जियन लेखकानं मधमाश्यांवरच्या पुस्तकात तो आकडा एक लाख वनस्पतींवर नेला. 1941 मध्ये कॅनडातल्या मधपाळांच्या मासिकात कुणीतरी तीच लाखाची गोष्ट सांगितली, पण ‘मला नीट आठवत असेल तर’ असं म्हणत ती आइन्स्टाइनच्या नावावर घातली. पुढे ‘आठवत असेल तर’ गळून पडलं आणि नाव तेवढं राहिलं. ‘चार वर्षं’ 1966 च्या एका आयरिश मासिकात दिसतात, आणि 1994 मध्ये ब्रुसेल्सला मधपाळांनी आंदोलन केलं तेव्हा हेच वाक्य पत्रकांवर छापून गावोगाव पोचलं. आपल्याकडेही कुणाच्या तरी ओळींना ‘तुका म्हणे’ जोडलं की त्या तुकोबांच्याच होतात. नाव मोठं असलं की ओळीला पाय फुटतात.

मग वाक्यात खरं किती? चार वर्षांचा हिशेब टिकत नाही. गहू, भात, बाजरी, मका यांना मधमाशी लागत नाही. त्यांचं परागीभवन वाऱ्यानं किंवा फुलातल्या फुलातच होतं. आपल्या द्राक्षाचंही तसंच. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली 115 प्रमुख अन्नपिकं तपासली. त्यातल्या 87 पिकांना कीटक-पक्ष्यांचा कमीअधिक फायदा होतो, पण जगाच्या एकूण उत्पादनात या पिकांचा वाटा साधारण 35 टक्केच भरला. ताटातली भाकरी राहील. फळं, भाज्या, तेलबिया मात्र कमी होतील.

पण नाशिककरानं एवढ्यावर समाधान मानू नये, कारण कांदा आहे.

फेब्रुवारीत निफाडकडे जाताना डोंगळ्यांची, म्हणजे बियाण्यासाठी फुलवलेल्या कांद्याची, शेतं पांढरी झालेली दिसतात. गाडी थांबवून एक गोंडा जवळून बघा. चेंडूएवढ्या त्या गोंड्यात शेकडो चिमुकली फुलं असतात, प्रत्येकात सहा पुंकेसर. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे तीन. पराग झडून जातो तरी त्याच फुलाची कुक्षी, म्हणजे पराग घेणारं टोक, अजून तयार झालेली नसते; ती एखाद-दोन दिवसांनी होते. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग कामाचा नाही, दुसऱ्या फुलाचा हवा. शिवाय तो चिकट, वाऱ्यानं फारसा उडत नाही. तो पाय आणि अंगावरच्या केसांना लावून नेणारं कुणीतरी लागतं: सातेरी, फुलोरी, आग्या या आपल्याकडच्या मधमाश्या, किंवा पेटीत पाळलेली मेलिफेरा.

लासलगावच्या बाजारात येणारा कांदा पोसायला मधमाशी लागत नाही. लागते ती उळं, म्हणजे कांद्याचं बी, तयार व्हायला. त्यामुळे यंदा माश्या कमी झाल्या तरी यंदाच्या कांद्यावर काहीच दिसत नाही. पुढच्या हंगामाचं रोप टाकायच्या वेळी उळं कमी पडतं आणि महागतं. एका हंगामाचं हे अंतर फार फसवं आहे.

माशी डोंगळ्यावर येते ती ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंत. फुलकिड्यांसाठी फवारणी करावी लागते हे खरंच, पण गोंडे फुललेले असताना भर सकाळी पंप खांद्याला लावलेला दिसला की माझा जीव खालीवर होतो. फुलोऱ्याआधी फवारा, अन् फुलोऱ्यात अगदी टळतच नसेल तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्या की.