चाळीस ग्रॅमची मर्यादा: नाझी राजवटीत ज्यू घरांतलं सामान कुठे गेलं, काय उरलं

जर्मनीतून वेळीच निसटलेल्या ज्यू कुटुंबांच्या वारसांकडे चांदीचे चहाचे चमचे निघतात, पण त्याच घरातली शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाची, शमादानं निघत नाहीत. यामागे पुष्कळदा नशीब नसतं, एक सरकारी आदेश असतो. त्यात ग्रॅमचे आकडे होते.

पाच हजार राइशमार्कच्या वर मालमत्ता असलेल्या ज्यूंनी ती नोंदवावी, असा हुकूम २६ एप्रिल १९३८ ला निघाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर उलट ज्यू समाजावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसला. त्यापाठोपाठ, २१ फेब्रुवारी १९३९ ला, सोनं, चांदी, प्लॅटिनम, रत्नं आणि मोती दोन आठवड्यांत सरकारी खरेदी-कचेरीत जमा करण्याचा आदेश आला. मुदत पुढे मार्चअखेरपर्यंत वाढवली. वेगळी कचेरी उभारायची गरज पडली नाही, कारण शहरोशहरी नगरपालिकेच्या गहाणपेढ्या होत्या. तराजू, पारखी आणि पावतीपुस्तकं तिथे तयारच होती.

घरात काय ठेवायचं तेही ठरवून दिलं होतं: लग्नाची अंगठी, चांदीचं मनगटी किंवा खिशातलं घड्याळ, वापरातली कवळी, माणशी चार नगांचे जेवणाचे दोन संच (सुरी, काटा, चमचा, छोटा चमचा). याशिवाय प्रत्येकी ४० ग्रॅमपर्यंतच्या चांदीच्या वस्तू, पण माणशी एकूण २०० ग्रॅमच्या आत. चांदीचा चहाचा चमचा वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो, तो सुटला. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशसाठी (वाइनवर म्हणायच्या आशीर्वादासाठी) वापरायचा पेला सहज साठ ते शंभर ग्रॅम भरतो, तो गेला. (आपल्याकडे बेने इस्राएल घरांत किद्दुशला वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत घेतात. पेल्याचा मान तोच.) शमादानांच्या जोडीचा तर प्रश्नच नव्हता.

पेढीवर किंमत लागायची ती मोडीच्या भावाने. घडणावळ शून्य, कारागिराचं नाव शून्य, वरून दहा टक्के हाताळणी-खर्च कापून घेतलेला. शमादानाचा तळ आणि सुरीची मूठ आतून पोकळ असते. तिथे राळ किंवा तसलं काही भरलेलं असतं, आणि सुरीचं पातं तर पोलादाचं असतं. म्हणून घरातलं वजन आणि पावतीवरचं वजन जुळत नाही. वारस हिशेब मांडतात तेव्हा ही तफावत त्यांना चोरी वाटते. ती बऱ्याचदा नुसती घट असते. खरी लूट भावात होती.

जमलेल्या चांदीतली बरीचशी भट्टीत गेली. फ्रँकफर्टच्या डेगुसा कंपनीने हा माल वितळवून शुद्ध केला. मौल्यवान नग बर्लिनच्या मध्यवर्ती कचेरीकडे गेले. उरल्या त्या वस्तू ज्यांच्यावर एखाद्या संग्रहालयाची नजर पडली. म्युनिकच्या बव्हेरियन नॅशनल म्युझियमने १९३९-४० मध्ये शहराच्या गहाणपेढीतून अशी चांदी विकत घेतली. युद्धानंतर काही परत गेली, तरी शंभराहून जास्त नग तिथेच राहिले. २०१९ पासून संग्रहालयातले अभ्यासक माथियास वेनिगर यांनी वारस शोधून त्यातले कित्येक नग परत केले आहेत. शोध शक्य झाला तो पेल्यांच्या तळाला चिकटलेल्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांमुळे. त्यावर पेढीचा क्रमांक होता आणि पेढीच्या कागदांत त्या क्रमांकासमोर नाव. लुटणाऱ्यांच्या हिशेबी काटेकोरपणाचा आज पीडितांच्या नातवंडांना उपयोग होतो, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल.

सामान बरोबर घेऊन देश सोडणाऱ्यांची वाट वेगळी होती. हलवायच्या प्रत्येक वस्तूची यादी परकीय चलनाच्या कचेरीकडून मंजूर करून घ्यावी लागे. यादीचे तीन भाग असत: १९३३ पूर्वी घेतलेलं, त्यानंतर घेतलेलं आणि खास स्थलांतरासाठी घेतलेलं. तिसऱ्या भागातल्या मालावर खरेदी-किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंत आकार बसे. टॉवेल, रुमाल, कढया, सगळं मोजून लिहायचं आणि सामान भरताना कस्टमचा माणूस समोर. मुंबईला निघालेल्यांनाही हीच यादी भरावी लागे. जर्मनी-ऑस्ट्रियातून इथे पोहोचलेल्यांना मदत करायला मुंबईत १९३४ सालीच ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली होती.

माल ‘लिफ्ट’ नावाच्या मोठ्या लाकडी खोक्यांतून बंदरावर जायचा. माणसं पुढे निघायची, खोकी मागून. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटलं आणि हांबुर्ग-ब्रेमेनच्या गोदामांत हजारो खोकी अडकली. १९४१ पासून गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) ती जप्त करून लिलावात काढली. कुटुंब न्यूयॉर्कला, यादी खिशात आणि पलंग हांबुर्गच्या कुणाच्या तरी घरात, अशी ही स्थिती. या खोक्यांचा माग आता ब्रेमरहाफेनच्या जर्मन सागरी संग्रहालयात काढला जातो. ‘लॉस्टलिफ्ट’ या त्यांच्या माहितीकोशात नावावरून शोधता येतं.

जे मागे राहिले त्यांच्यासाठी २५ नोव्हेंबर १९४१ चा आदेश होता. सीमा ओलांडली की नागरिकत्व संपलं आणि मालमत्ता सरकारजमा. सीमेपलीकडे हद्दपार करणारी गाडी सरकारचीच, हा त्यातला कावा. गाडीत बसवण्याआधी सोळा पानी फॉर्म भरून घेत. त्यात खुर्च्या, पडदे, अंतर्वस्त्रंसुद्धा संख्येने लिहायची. बरोबर साधारण ५० किलो सामान. मग घराला सील लागे, न्यायालयाचा बेलिफ येऊन किंमत लावी आणि माल सरकारी कचेऱ्या, व्यापारी किंवा लिलावाकडे जाई. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या अशा हजारो फायली पोट्सडॅमच्या राज्य अभिलेखागारात आहेत. घर उरलं नाही, घराची यादी उरली. हांबुर्ग आणि आसपासच्या भागात ज्यू घरांतला माल घेणारे किमान एक लाख लोक असावेत, असा इतिहासकार फ्रांक बायोर यांचा हिशेब आहे. ‘आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं’ हे नंतरचं वाक्य या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

पश्चिमेकडच्या व्याप्त देशांत लिलावाचीही वाट पाहिली नाही. १९४२ पासून ‘म्योबेल-आक्त्सिओन’ (फर्निचर मोहीम) या मोहिमेत फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समधली घरं सरसकट रिकामी केली गेली. बॉम्बहल्ल्यांत घर गमावलेल्या जर्मनांना तो माल द्यायचा होता. जुलै १९४४ अखेरपर्यंत ६९,६१९ घरं आणि रेल्वेचे २६,९८४ मालडबे, हे मोहीम चालवणाऱ्या कचेरीचेच आकडे. त्यातली अडतीस हजारांच्या आसपास घरं एकट्या पॅरिसमधली. ॲमस्टरडॅममध्ये हे काम आब्राहाम पुल्सच्या मालवाहू कंपनीकडे होतं.

पॅरिसमध्ये लेव्हितां हे फर्निचरचं दुकान, ऑस्टरलित्झ स्टेशनजवळचं गोदाम आणि बासानो रस्त्यावरची हवेली अशा तीन ठिकाणी सुमारे आठशे ज्यू कैद्यांना माल निवडायला बसवलं होतं. खोकं उघडायचं, चिनीमाती एकीकडे, चादरी एकीकडे, खेळणी, दिवे, भांडी वेगवेगळी. पत्रं आणि फोटो जाळायचे. काही कैद्यांना खोक्यांतून आपल्याच घरातल्या वस्तू हाती आल्या. माहिती पुसण्याची खरी रीत हीच, प्रकारवार वर्गीकरण. एका घरातल्या सहा बशा दुसऱ्या घरातल्या सहांत मिसळल्या की मालक कायमचा हरवला. म्हणूनच कोब्लेंट्सच्या संघीय अभिलेखागारातल्या, या गोदामांच्या ८५ छायाचित्रांत ढिगारे आहेत, घरं नाहीत. पियानो थोडे वेगळे ठरले. त्यांच्या आत कारखान्याचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे मुक्तीनंतर पॅरिसमध्ये सापडलेल्यांपैकी काही मालकांना ओळखता आले. बशीला असा क्रमांक नसतो.

पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने भरपाई सुरू केली, पण माल जर्मनीच्या हद्दीत पोहोचला हे दाखवण्याची अट होती. मालडब्यांत मिसळून गेलेल्या मालाचा असा पुरावा वस्तूगणिक आणायचा कुठून? नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबद्दलच्या, १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांनी त्यांच्या शोधाला जोर आला. चादरी आणि कढया त्यात बसत नाहीत.

घरात एखादी वस्तू असेल आणि तिचा माग काढायचा असेल, तर आधी पॉलिश लावू नये. तळाची चिठ्ठी, शाईचा आकडा, ओरखडून लिहिलेला क्रमांक हे सगळं पहिल्याच घासणीत जातं. तिरप्या उजेडात फोटो काढावा, मग वजन करावं. अर्धचंद्र, मुकुट आणि ८०० हा छाप असेल तर १८८८ नंतरची, ऐंशी टक्के शुद्धतेची जर्मन चांदी. त्यावरून मालक कळत नाही. काटे-चमच्यांवरचा ९० हा आकडा शुद्धतेचा नव्हे. बारा काटे आणि बारा चमच्यांना मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा, असा त्याचा अर्थ. तसल्या कटलरीला पेढीवर भाव नव्हता. तिचा शोध १९४१ नंतरच्या जप्ती-याद्यांत घ्यावा.

सगळ्यात जास्त घोटाळा कोरलेल्या अक्षरांनी होतो. आहेराच्या चांदीवर आणि कापडावर बहुधा वधूच्या माहेरची आद्याक्षरं असत, आणि वारस शोधतात आजोबांचं आडनाव. शिवाय जानेवारी १९३९ पासून ज्यू स्त्रियांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्राएल’ हे जोडनाव सक्तीचं होतं, त्यामुळे पेढीच्या पावतीवर ते मध्येच घुसलेलं दिसतं. तेव्हा माहेरचं नाव, सासरचं नाव आणि जोडनावासकट नाव, अशा तिन्ही तऱ्हांनी यादी चाळावी. शहर ठाऊक असेल तर आधी त्याच शहराच्या गहाणपेढीचे कागद मागावेत, बर्लिनचे नंतर.