‘मील्स ऑन व्हील्स’ला सरकारचे फक्त ३ टक्के?

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या ‘मील्स ऑन व्हील्स’ला सरकारकडून जेमतेम ३ टक्के पैसा मिळतो, तेव्हा सरकारने हात आखडता घेतला तरी काही अडत नाही, असं २०१७ पासून ऐकवलं जातं. आकडा खोटा नाही, फक्त भलत्याच ठिकाणी चिकटवलाय.

ते ३ टक्के ‘मील्स ऑन व्हील्स अमेरिका’ या राष्ट्रीय संस्थेचे. ती ना स्वयंपाक करते, ना डबे पोचवते. ते काम गावोगावच्या हजारो स्वतंत्र संस्थांचं, आणि तेव्हा त्यांच्या खर्चाचा सुमारे ३५ टक्के वाटा १९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’मधून, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सेवांना पैसा पुरवणाऱ्या केंद्रीय कायद्यातून येत होता. बाकी देणग्या, राज्य सरकारं आणि अशीच इकडून तिकडून जमवाजमव.

त्याच वर्षी उलटी आवईही उठली होती: ट्रम्प यांनी ही योजनाच बंद केली! प्रत्यक्षात प्रस्ताव होता तो ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’, म्हणजे स्थानिक विकासासाठी राज्यांना आणि शहरांना मिळणारं केंद्रीय अनुदान, बंद करण्याचा. त्यातला थोडाच पैसा काही ठिकाणी जेवणाकडे वळतो.

‘डबे तर स्वयंसेवक पोचवतात, मग खर्च कसला?’ हेही नेहमीचंच. अहो, किराणा, आचाऱ्याचा पगार, पॅकिंग, पेट्रोल कोण देणार? शिवाय त्या कायद्याच्या पैशातून मिळणारं जेवण साठीपुढच्यांना ऐपत न पाहता द्यायचं असतं. स्वेच्छेने कुणी काही दिलं तर घेता येतं, दिलं नाही म्हणून जेवण नाकारता येत नाही. त्यामुळे पैसा आटला की डबा महागत नाही, प्रतीक्षा यादी लांबते.