एकाच नावाचे दोन राउटर: तेरावी आवृत्ती आणि चौदावी आवृत्ती

ओपनडब्ल्यूआरटी बसवण्यासाठी राउटर घ्यायला निघालेला माणूस बहुधा मॉडेलचे नाव पाहून निवड करतो आणि नेमका तिथेच फसतो, कारण लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर आधारलेले हे फर्मवेअर, म्हणजे निर्मात्याच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटर चालवणारे सॉफ्टवेअर, नुसत्या नावाशी नव्हे, तर त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या विशिष्ट हार्डवेअर आवृत्तीशी जुळावे लागते.

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा साधा राउटर घ्या. त्याच्या तेराव्या आणि चौदाव्या आवृत्तीचे नाव एकच, आणि दोन्हींत मीडियाटेकची एमटी७६२८ हीच चिप आहे. मात्र तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे, तर चौदाव्या आवृत्तीत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम, म्हणजे दोन्ही बाबतींत बरोबर निम्मे. फ्लॅश ही फर्मवेअर कायम साठवण्याची जागा, आणि रॅम ही ते चालू असताना लागणारी. निर्मात्याचे आटोपशीर फर्मवेअर ४ एमबीत मावते. पण लिनक्सचा गाभा, वायफायचे ड्रायव्हर आणि ब्राउझरमधून चालणारे नियंत्रण-पान एवढे सगळे बसवून वर एखादे जास्तीचे पॅकेज (नवी सोय देणारे छोटे सॉफ्टवेअर) घालायला तिथे जागा उरत नाही. २०२१ साली आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ पासून तर किमान अटच ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम अशी आहे. तेरावी आवृत्ती त्या उंबरठ्यावर कशीबशी टेकते, चौदावी बाहेरच राहते.

आवृत्तीचा आकडा वाढला म्हणजे यंत्र सुधारले, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. हे पूर्वीही घडले आहे. ज्या लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी राउटरवरून ओपनडब्ल्यूआरटीला नाव मिळाले, त्याच्या चौथ्या आवृत्तीत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. २००५ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली गेली आणि दोन्ही स्मृती निम्म्यावर आल्या. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी कंपनीने जवळपास चौथ्या आवृत्तीचेच हार्डवेअर डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने विकायला काढले. नावात वाढलेल्या त्या एका ‘एल’मध्ये सारा फरक सामावलेला होता.

आणखी एक गल्लत नेहमी होते. राउटरच्या नियंत्रण-पानावर फर्मवेअर आवृत्ती आणि हार्डवेअर आवृत्ती असे दोन आकडे दिसतात. पहिला अपडेट केल्यावर बदलतो, दुसरा कारखान्यातच ठरलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर-सूचीत शोधायचा तो दुसरा. हा आकडा राउटरच्या बुडाशी असलेल्या लेबलावर, मॉडेलच्या नावाशेजारी ‘व्हर्जन’ म्हणून छापलेला असतो.

ऑनलाइन विक्रीच्या पानावर हा आकडा क्वचितच असतो. त्यामुळे खोके हातात घेऊन उलटसुलट पाहता येईल अशा दुकानातून, किंवा परत घेण्याची हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच राउटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आज नवा राउटर घेणाऱ्याने तर ८ आणि ६४ च्या काठावरही थांबू नये; किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम पाहावी. आवृत्ती कळत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो राउटर या कामासाठी घेऊ नये.